हजर राहावे

मोसुल
३ मार्च २०२३

ती. सब्रिया आत्यास,
रुफैदाचा स. वि. वि.

माझे बाबा हयात आहेत की मयत?

आत्या, रागावू नकोस. हा प्रश्न मी तुला विचारत नाहीये. तो मला विचारला गेला आहे, आणि मला त्याचं उत्तर येत नाही. विद्यापीठाच्या मास्टर्सच्या अर्जात सातवा रकाना वडिलांचा आहे. त्यापुढे दोनच शब्द छापलेत: हयात, मयत. शाळेत आणि कॉलेजात अर्ज कागदी होते तेव्हा मी तो रकाना कोरा सोडायचे. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुली सोडायच्या, आणि खिडकीतली बाई मान वर न करता शिक्का मारायची. आता अर्ज संगणकावर भरायचा असतो. गेल्या खेपेचा नमुना मी माझ्या प्राध्यापिका डॉ. उमैमांच्या खोलीत उघडून पाहिला. सातवा रकाना कोरा ठेवला की पुढचं पान उघडत नाही.

बाकी खुशाली म्हणशील तर माझं पदवीचं प्रमाणपत्र आईने काचेत बसवून आणलं, पण खिळा ठोकू देत नाही. भिंत नवी आहे म्हणते. म्हणून ते शिलाई मशीनला टेकवून उभं आहे, आणि झगा शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला, वाचता येवो न येवो, ते बघावं लागतं. टॅक्सीवाल्या अबू हैसमलाही दाखवून झालं. तो म्हणाला, की घराण्यातली पहिली पदवीधर आणि पत्रं अजून माझ्याच गाडीतून पाठवते! मी त्याला सांगितलं, की आत्याचा फोन असतो तिच्या सुनेच्या हातात, आणि सुनेचं तोंड असतं सगळ्या किरकुकभर.

आता निवडीचं. एका वेळी एकाच विभागाला अर्ज करता येतो. डॉ. उमैमा म्हणतात, की शहाणी असशील तर अकाउंट्सकडे जा, तिथे जागा जास्त आहेत. मला फायनान्सच हवं आहे. तू विचारशील, की ज्या गावात माणसं पैसा गादीत शिवून ठेवतात तिथे फायनान्स शिकून ही काय दिवे लावणार. पण म्हणूनच शिकायचं आहे. पदवीच्या प्रकल्पासाठी मी आपल्या गल्लीतल्या बायकांच्या भिशीवर लिहिलं होतं. लढाईनंतर या गल्लीत जेवढी घरं पुन्हा उभी राहिली त्यातलं एकही बँकेच्या कर्जावर नाही, सगळी भिशीवर. बँकेला जामीन हवा नोकरीतला माणूस, आणि इथल्या बायकांची नोकरीतली माणसं कुठे गेली ते बँकेलाही माहीत आहे. परीक्षकांनी शेरा मारला, की या विषयाला संदर्भग्रंथ नाहीत, आणि गुण कापले. संदर्भग्रंथ नाही म्हणूनच तो कोणीतरी लिहायला हवा, एवढं साधं त्यांना कळू नये?

ते कापलेले गुण आता नडतायत. फायनान्सला खुल्या गटात चार जागा, आणि माझे गुण त्यांच्या आसपासही जात नाहीत. विभाग एक वर्षाआड भरती करतो. पण एक जागा हुतात्म्यांच्या मुलांसाठी राखीव असते. हे सांगताना डॉ. उमैमांनी खोलीचं दार लावून घेतलं. काळ्या झेंड्यांच्या दिवसांत घरातून उचलून नेलेली माणसं त्यात धरतात. मात्र तो माणूस मयत आहे असं न्यायालयाने ठरवलेलं असलं पाहिजे, आणि त्यासाठी घराबाहेरच्या दोघांनी शपथेवर सांगायचं, की त्या रात्रीपासून त्याचा काही ठावठिकाणा नाही.

एक साक्षीदार मिळाले आहेत, बाबांच्या बँकेतले अबू झियाद. तुला आठवतं, बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागायच्या. पहिली त्यांच्याकडे, दुसरी बाबांकडे. ती दुसरी मागायलाच ते काळ्या झेंड्यांचे लोक आले होते, आणि अर्ध्या तासात परत सोडतो म्हणाले होते. दुसरी साक्ष तू द्यावीस अशी माझी विनंती आहे. मी आईला विचारलं. ती मशीनवर होती. मान खाली घालूनच म्हणाली, की तुला ठीक वाटेल ते कर, मी सही करीन. मग दिवसभर मशीन थांबलं नाही.

लोभ असेल तर तसं कळव, आणि तुटला असेल तर तेही. अधांतरी ठेवू नकोस, त्याचा आता फार कंटाळा आला आहे.

तुझी
रुफैदा


किरकुक
१९ मार्च २०२३

चि. रुफैदास,
सब्रियाचे अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि पाण्याच्या माठाखाली ठेवून दिलं, म्हणजे पुन्हा हाती यायला नको. चार दिवसांनी पुन्हा काढलं. अक्षर सुरेख आहे. बापाचं घेतलंस.

पोरी, हाझिम माझा भाऊ नुसता म्हणायला. आमची आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला चालायला मी शिकवलं, त्याचे लाड मी केले, त्याला चोपलाही मीच. आणि आता मी काळ्या डगल्यातल्या माणसापुढे उभी राहून सांगू, की तो गेला? माझ्या जिभेला हाड नाही, पण लाज आहे. तुझ्या तिजोरीला दुसरी किल्ली हवी असेल तर दुसरीकडे शोध. माझी मिळणार नाही.

इथल्या भाजीवाल्याचा भाचा गेल्या रमजानात परत आला. नऊ वर्षांनी! दारात उभा राहिला तर त्याच्या आईला वाटलं भिकारी आहे, आणि तिने त्याला आधी रोटी दिली. मी हाझिमचा फोटो घेऊन गेले त्याच्याकडे. बिचाऱ्याने बराच वेळ बघितला आणि म्हणाला, की मावशी, आमच्या खोलीत अंधार असायचा. आता तूच सांग, शिकलेली आहेस. हा नकार झाला का? नकार नाही झाला.

आणि नझीहाचा, तुझ्या आईचा, विचार केलास? निकाल लागला की त्या दिवसापासून तिला इद्दतीत बसावं लागेल, चार महिने दहा दिवस, विधवा म्हणून. शिधापत्रिकेवरचं त्याचं नाव कापतील. त्याच्या वाटणीचं पीठ ती वेगळ्या डब्यात ठेवते आणि त्याच्या रोट्या शनिवारी वाटते. गुरुवारी नाही, कारण गुरुवारच्या रोट्या मेलेल्यांच्या नावाच्या. लढाई झाली, तंबूत राहिलात, पण त्या बाईने वार चुकवला नाही. आणि तू तिची सही घेणार, कशासाठी, तर व्याजाची गणितं करायला!

चिडून लिहिलं. तू हुशार आहेस हे मी इथे सगळ्यांना सांगत असते. माझ्या सुनेला तर इतकं, की ती तुझं नाव निघालं की भांडी आपटते. अकाउंट्सला जा. नाहीतर लग्न कर. नाहीतर दोन्ही कर. पण हे नको.

लोभ आहे म्हणूनच शिव्या घातल्या. परक्याला कोण घालतं?

तुझी आत्या
सब्रिया


मोसुल
१४ मे २०२३

ती. आत्यास,
रुफैदाचा स. वि. वि.

ईदला तुझी वाट पाहिली. तू आली नाहीस तेव्हा समजले. आईने तुझ्या नावाचं ताट काढून बाबांच्या ताटाशेजारी झाकून ठेवलं होतं. मी म्हटलं, की आता या घरात झाकलेली ताटं किती ठेवायची, आणि मग माझं मलाच वाईट वाटलं.

खोटं लिहीत नाही, आत्या: अर्ज केला आहे. आईच्या नावाने. अबू झियादांची साक्ष नोंदली गेली. सांगताना ते एवढंच म्हणाले, की माझी किल्ली अजून माझ्याकडे आहे, बँक पडली पण किल्ली आहे. न्यायाधीशांनी ते टंकायला सांगितलं नाही. दुसरा साक्षीदार अजून नाही. जुने शेजारी गेले ते परतले नाहीत, आणि नव्यांनी बाबांना पाहिलेलं नाही. सुनावणी अकरा जूनला आहे. तोवर कोणी मिळालं नाही तर प्रकरण बंद होईल, आणि तुझ्या मनासारखं होईल. त्याआधी कायद्याप्रमाणे पेपरात एक सूचना छापून येईल. नजरेस पडली तर दचकू नकोस.

प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आहे. वीज जाते तेव्हा गच्चीवर बसते. एक धडा आहे, पुढे मिळायच्या रकमेची आजची किंमत काढायचा. नियम असा, की गोष्ट जितकी उशिरा हाती येणार, तितकी तिची आजची किंमत कमी. फार फार उशिरा येणार असेल तर जवळपास शून्य. ही गणितं मला झोपेतही सुटतात. त्या दिवशी ओळीने सोडवत गेले आणि मध्येच पेन खाली ठेवलं. आपण घरात आठ वर्षं काय करतोय ते कोणीतरी सूत्रात मांडून ठेवल्यासारखं वाटलं.

तू लिहिलंस, की व्याजाची गणितं. तसं नाहीये गं. आपल्या शेजारच्या उम्म बशारला भिशीचा नंबर लागेपर्यंत दोन हिवाळे छपराविना काढावे लागले. तिला कोणी कर्ज दिलं असतं तर? ते का दिलं नाही, कसं देता येईल, हे शोधायला कोणीतरी बसायला हवं. मला वाटत होतं, ती कोणीतरी मी. आता एवढी खात्री नाही. घरी मशीनचा आवाज असतो, बाहेर उन्हाळा आहे, आणि माझ्या बरोबरीच्या मुली मोबाइलच्या दुकानांत काउंटरवर उभ्या आहेत, पदवी घेऊन.

लोभ मागत नाही. राग कमी झाला तरी पुरे.

तुझीच
रुफैदा


किरकुक
८ जून २०२३

माझ्या लाडक्या रुफैदास,
तुझ्या आत्याचे अनेक, अनेक, मोजू नकोस इतके उ. आ.

अगं वेडे, दचकू नकोस काय लिहितेस! मी पेपर हातात घेऊन भर स्वयंपाकघरात नाचले. सून म्हणाली, सासूबाईंना ऊन लागलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी पेपर आणून दाखवला, आणि शब्द न शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला. हाझिम महमूद, राहणार मोसुल, यांनी या न्यायालयापुढे हजर राहावे. हजर राहावे! शिक्का, सही, सगळं.

मला सांग, ज्याचं घर माहीत नाही त्याला कोणी लग्नाचं आमंत्रण देतं का? सरकार कोणाला हजर राहा म्हणेल, तर जो कुठेतरी आहे त्यालाच. मास्तरीणबाई म्हणाल्या, की खाली लिहिलंय, पत्ता अज्ञात. मी म्हटलं, बाई, असणारच! कोणत्या तुरुंगात ठेवलाय तो पत्ता सरकार पेपरात छापेल होय? त्या गप्प झाल्या. शिकलेल्या बायका लगेच गप्प होतात.

म्हणजे तुझ्या अर्जाने काम केलं. मी तुला काय काय बोलले! तू दार ठोठावलंस म्हणून आतून कोणीतरी हाक दिली. तुला ठाऊक होतं, आणि मला आधी आशा लावायला नको म्हणून तू सूचना सूचना म्हणत राहिलीस, होय ना? बापासारखीच आहेस, चांगली बातमी खिशात लपवणारी.

अकरा तारखेला मी न्यायालयात येते. तुमच्या घरी आधी येत नाही, नझीहाचा चेहरा बघून मला रडू फुटेल आणि शुभ कामाआधी ते नको. त्याचा इथे राहिलेला पांढरा अंगरखा इस्त्री करून ठेवलाय. तो घरातल्या चपलांवर गेला होता ना, म्हणून बूट घेतले; माप बदललं नसेल. खजूर भरून भाजलेले क्लेचे केलेत, त्याला आवडतात तसे, थोडे करपलेले. बारीक झाला असेल. केस पांढरे झाले असतील. तू पटकन ओळखली नाहीस तरी तोंडावर दाखवू नकोस.

आणि तुझ्या त्या धड्याला सांग, तुझ्या पुस्तकात उशिरा येणाऱ्याची किंमत कमी होत असेल. माझ्या घरी वाढते.

लोभ वगैरे आता समोरासमोर.

तुझी आत्या
सब्रिया


मोसुल
१२ जून २०२३

ती. आत्यास,
रुफैदाचा स. वि. वि.

तुझं आठ तारखेचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. अबू हैसमची गाडी नाक्यावर अडकली होती. तोवर तू परतही गेली होतीस.

ते वाचल्यावर मला कळलं, की मी काल काय केलं.

सकाळी न्यायालयाच्या व्हरांड्यात तू बाकावर बसलेली दिसलीस, मांडीवर बोचकं, शेजारी पत्र्याचा डबा. मला वाटलं, तुझा राग गेला. तू माझ्यासाठी आलीस, साक्ष द्यायला. मी तुझ्या गळ्यात पडले. तू मला म्हणालीस, की उशीर तर नाही ना झाला, आणि मी म्हटलं, की अगदी वेळेवर आलीस, तुझ्यावाचून सगळं अडलं होतं. मग मीच धावत जाऊन कारकुनाला सांगितलं, की दुसऱ्या साक्षीदार आल्या. आपण दोघी एकमेकींकडे बघून हसत होतो, आत्या. आई आपल्याकडे बघत होती आणि हसत नव्हती.

तू किती छान बोललीस. न्यायाधीशांनी शेवटची भेट विचारली, तर तू बाबांनी त्या ईदला काय खाल्लं, कोणता शर्ट घातला होता, तेही सांगितलंस. त्यानंतर काही निरोप, काही बातमी, असं विचारल्यावर तू म्हणालीस, की नाही साहेब, आठ वर्षांत चिठ्ठी नाही, म्हणून तर आपण बोलावलंत. शपथ तू खणखणीत आवाजात घेतलीस. मला वाटलं, ही माझ्यासाठी केवढं करते आहे.

मग त्यांनी तुला बसायला सांगितलं, आणि तू बसली नाहीस. तू विचारलंस, की त्याला कोणत्या दारातून आणणार.

टंकणारा मुलगा थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. मागून आई म्हणाली, की सब्रिया, ते आणणार नाहीत. त्यांनी हाक मारली ती तो येत नाही हे लिहून घेण्यासाठी.

तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी ती नजर इथे लिहू शकत नाही. तू बोचकं उचललंस आणि निघालीस. मी जिन्यापर्यंत आले, तू वळली नाहीस. डबा बाकावरच राहिला. तो घरी आहे, आम्ही उघडलेला नाही.

न्यायाधीश वाईट माणूस नाही. ते म्हणाले, की साक्ष खरी आहे आणि नोंदली गेली आहे. निकाल बारा जुलैला. तोवर कोणाला आपलं म्हणणं मागे घ्यायचं असेल तर लेखी द्यावं. अर्जाची मुदत तेरा जुलैपर्यंत आहे. म्हणजे सगळं जुळून आलं आहे, आत्या. असं जुळून यावं म्हणून मी नमाजात दुआ मागितली होती.

मला माहीत नव्हतं, यावर विश्वास ठेव. लोभाचं काही लिहीत नाही.

रुफैदा


किरकुक
२६ जून २०२३

रुफैदास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी आहे असं समज.

मी जे बोलले ते खरं होतं. तेच मला खातंय. खोटं बोलले असते तर तोबा केली असती. खऱ्याची तोबा कशी करायची?

रात्रंदिवस एकच ऐकू येतं, माझा स्वतःचा आवाज, आठ वर्षांत चिठ्ठी नाही. इतकी वर्षं मी हे कोणाला बोलू दिलं नव्हतं. सुनेला नाही, तुझ्या आईला नाही. आणि बोलले तेही कुठे, सरकारी यंत्रासमोर, हसत.

मला न्यायालय कळत नाही, तुला कळतं. माझं बोलणं त्यांच्या कागदातून काढून टाक. माझ्या नावाने अर्ज लिहून सोबत अंगठा दिला आहे. सही येते मला, पण त्या दिवशी केलेली सही पुन्हा करवत नाही. हा अर्ज दे. मग तुझ्याशी माझं काही वैर नाही. नाही दिलास तर परवाच्या ईदला आणि पुढच्या कुठल्याच ईदला माझी वाट बघू नका.

अंगरखा पुन्हा घडी करून ठेवला आहे.

सब्रिया


मोसुल
१३ जुलै २०२३

ती. आत्यास,
रुफैदाचा स. वि. वि.

हे पत्र तू फाडशील कदाचित. फाडण्याआधी वाच.

तुझा अर्ज मी द्यायला निघाले होते. ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी पर्समध्ये घातला, बूट घातले. आईने मशीनवरून विचारलं, की कुठे. मी सांगितलं, की आत्याचं बोलणं मागे घेतेय, प्रकरण बंद होईल, मला जागा नको. तू फार चांगली मुलगी आहेस, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

तिने मशीन थांबवलं. म्हणाली, की तुझ्या जागेचं मला काही कळत नाही, पोरी. मी सही केली ती माझ्यासाठी. म्हणाली, की आठ वर्षं मी रडले नाही. जिवंत माणसामागे रडलं की अपशकुन, असं सब्रियाने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, आणि मी ते पाळलं. हसले तर बायका म्हणतात, नवरा सापडत नाही आणि ही हसते. गप्प बसले तर म्हणतात, हिला काहीतरी कळलंय. रंगीत घालवत नाही, काळं घालता येत नाही. आठ वर्षं ही एक करडी ओढणी. तुझ्या बापाला मी कुठे ठेवू ते मला कोणी सांगितलेलं नाही. मशिदीत मेलेल्यांसाठी दुआ होते तेव्हा मी ओठ मिटते, प्रवासात असलेल्यांसाठी होते तेव्हा हलवते, आणि दोन्ही वेळेला वाटतं, चोरी करतेय. मग म्हणाली, की सब्रियाला भाऊ हवा आहे, तुला जागा हवी आहे. मला फक्त रडायला बसायचं आहे. आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

मी बूट काढले. तुझा अर्ज माझ्याजवळ आहे. तो मी दिला नाही.

काल निकाल लागला. पाच मिनिटंही लागली नाहीत. अबू झियाद बाहेर उभे होते. त्यांनी खिशातून ती किल्ली काढून आईला दिली आणि म्हणाले, की आता ही मला नको. तुम्हा दोघांच्या किल्ल्यांनी तिजोरी उघडली, आत्या. आत काही नव्हतं.

तिथून शिधावाटपाच्या दुकानी गेलो. कार्डावरच्या बाबांच्या नावावर दुकानदाराने पट्टी धरून रेघ मारली. मी म्हटलं, की हाताने मारली असती तरी चाललं असतं, तर तो म्हणाला, की बेटी, वाकडी आली तर वरचे लोक कार्ड परत पाठवतात. घरी आल्यावर आईने काळे कपडे घातले. भिंतीला टेकून खाली बसली आणि सुरुवात केली. मला वाटलं होतं, ती हळू रडेल. उम्म बशार चूल तशीच सोडून आली. मग बाकीच्या आल्या. कोणी तिला गप्प केलं नाही. मी दाराशी उभी होते, आणि मला रडू येत नव्हतं, अजूनही येत नाही. आठ वर्षांची सवय.

तुझा क्लेच्यांचा डबा संध्याकाळी उघडला. खवट झाले होते. तरी सगळ्यांनी एकेक खाल्ला, त्याच्या नावाने.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. मी शिकले, की माहिती पूर्ण असली की माणूस योग्य निवड करतो. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. माझ्याकडे आता सगळी माहिती आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं असतं तर आई जिवंतपणी पुन्हा अधांतरी लटकली असती. आईचं ऐकलं तर तू गेलीस. कुठल्याच बाजूला बरोबर नव्हतं.

आई इद्दत संपेपर्यंत घराबाहेर पडणार नाही, म्हणून तुझ्याकडे ती येऊ शकत नाही. तूच ये. अंगरखा आण. गेलेल्याचे कपडे कोणा गरजवंताला द्यायचे असतात, आणि आमच्याकडे बाबांचं लढाईतून वाचलेलं काहीच नाही. आई म्हणते, की तो सब्रियाच्याच हातून जावा. आली नाहीस तरी आम्ही ताट काढू. ते झाकून ठेवणार नाही, एवढंच.

आज गुरुवार. त्याच्या वाटणीचं शेवटचं पीठ आईने पहाटे मळलं, आणि मी रोट्या वाटत वाटत विद्यापीठात गेले. शेवटची डॉ. उमैमांना दिली. वार त्यांच्या लक्षात आला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मग संगणक उघडून दिला आणि माझ्या शेजारी बसल्या.

विभाग, फायनान्स. सातव्या रकान्यात मी मयत लिहिलं. उत्तर मला आजही येत नाही, पण रकाना भरला. त्याखाली गट विचारतात, खुला की राखीव. निकालाची प्रत माझ्या मांडीवर होती. मी खुला निवडला. डॉ. उमैमा म्हणाल्या, की वेडी झालीस का, तुझे गुण तिथे पोचत नाहीत, ही जागा दुसरी कोणी घेईल. मी म्हटलं, की घेऊ दे, तिचाही बाप गेलाच असेल. बाबांना मयत ठरवलं ते आईला रडता यावं म्हणून, आणि त्यासाठी तुझे शब्द तुझ्या मनाविरुद्ध लागले. त्याच कागदावर मी वर्गात जाऊन बसले असते, तर ते कशासाठी ठरवलं हे पुढे माझं मलाच सांगता आलं नसतं. येत्या शनिवारपासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसते आहे.

त्या पुन्हा म्हणाल्या, की पाच मिनिटं थांब, विचार कर. मी थांबले नाही. बटण दाबलं, आणि पुढचं पान उघडलं.

लोभ तुझा तू ठरव. माझा आहे तिथेच आहे.

तुझी भाची
रुफैदा